चोवीस तास सर्वांना सारखेच?

गेल्या महिन्यात आमच्या शहरातील एका संस्थेने एका गृहस्थांचा जाहीर सत्कार केला. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये सुरू झालेली अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन त्यांनी पुरी केली होती. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, पाण्याबाहेर येताच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकलवरून उतरताच २१.१ किलोमीटर धावायचे; तेही साडेआठ तासांच्या आत. आता ते पूर्ण अंतराच्या तयारीला लागले आहेत. तेथे पोहणे ३.८ किलोमीटर, सायकल १८० किलोमीटर आणि अखेरीस ४२.२ किलोमीटरची संपूर्ण मॅरेथॉन असते. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेला, एका कंपनीत जबाबदारीच्या हुद्द्यावर असलेला माणूस हे करतो याचे कौतुक वाटले, आणि ते मनापासून वाटले. पण सत्काराला उत्तर देताना ते जे बोलले ते ऐकून मात्र स्वस्थ बसवेना. ते म्हणाले की वेळ मिळत नाही ही शुद्ध सबब आहे. पंतप्रधानांना दिवसाचे चोवीस तास असतात आणि शिपायालाही चोवीसच असतात. नोकरी, संसार आणि सराव यांचा समतोल साधणे हा केवळ नियोजनाचा आणि इच्छाशक्तीचा प्रश्न आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपले दोन-तीन कार्यकर्तेही होते.

येथे प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. या गृहस्थांविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. त्यांनी घाम गाळला आहे आणि पदक मिळवले आहे. तक्रार आहे ती त्यांच्या त्या एका वाक्याविषयी. कारण ते वाक्य त्यांचे एकट्याचे नाही. ते व्याख्यानमालांतून, कचेऱ्यांच्या भिंतींवरून, दिनदर्शिकांच्या पानांवरून आणि यशाची गुरुकिल्ली सांगणाऱ्या पुस्तकांतून अहोरात्र आपल्या कानी पडत असते. दिसायला निरुपद्रवी असलेले हे वाक्य एक राजकीय कार्य बजावीत असते. ज्याच्याजवळ वेळ नाही तो आळशी ठरतो, ज्याच्याजवळ आहे तो गुणवान ठरतो, आणि वेळ कोणी कोणाकडून काढून घेतला हा मूळ प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही.

तेव्हा भावना बाजूला ठेवून हिशेबच मांडू. पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी ही सहा ते नऊ महिन्यांची गोष्ट असते. आठवड्यात दोन-तीनदा पोहणे, तीनदा सायकल, तीन-चारदा धावणे. शनिवारी चार-पाच तासांची लांब सायकल, रविवारी दोन-अडीच तासांची लांब धाव. मधूनच सायकलवरून उतरून त्याच पावली धावण्याचा सराव, कारण सायकलीवर जड झालेले पाय पळायला लावणे ही वेगळीच विद्या आहे. हे सारे मिळून आठवड्याला साधारण बारा ते पंधरा तास होतात आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत त्याहूनही अधिक. शिवाय झोप तोडून चालत नाही. स्नायू सरावात बळकट होत नसतात, सरावानंतरच्या विश्रांतीत बळकट होतात, हे शरीरशास्त्र कोणताही प्रशिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो. म्हणजे पंधरा तासांच्या सरावाला तितक्याच निगुतीने राखलेल्या विश्रांतीची जोड हवी.

आठवड्याचे एकूण तास १६८. ज्याची कचेरी पाच दिवसांची आणि पन्नास तासांची आहे, ज्याला ने-आण करायला स्वतःचे वाहन आहे, त्याने रोज सात तास झोप घेतली आणि पंधरा तास सराव केला तरी त्याच्यापाशी चाळीस-पंचेचाळीस तास उरतात. आता त्या सभागृहाच्या दारावर खाकी गणवेशात उभा असलेल्या रखवालदाराचे १६८ तास पाहू. त्याची पाळी बारा तासांची. आठवड्याच्या सुटीचा पगार कापला जातो, म्हणून तो सातही दिवस येतो. हे झाले ८४ तास. जाण्यायेण्यात रोजचे दोन, म्हणजे १४. झोप सात तासांची धरली तर ४९. उरले २१, म्हणजे दिवसाला तीन. त्या तीन तासांत त्याने आंघोळ करायची, जेवायचे, पाणी भरायचे, रेशन आणायचे, मुलाच्या शाळेत जायचे आणि आजारी आईला दवाखान्यात न्यायचे. आता त्याला सांगा की प्रश्न नियोजनाचा आहे!

सत्कार संपल्यावर मी त्याच्याशी बोललो. वय तेहतीस-चौतीस. म्हणाला, “काका, मीपण पळायचो. चार वर्षं पळलो भरतीसाठी. सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आत यायचो.” मग वयोमर्यादा संपली आणि पळणेही संपले. आता बारा तास लोखंडी खुर्चीवर. “आता जिना चढलो तरी दम लागतो,” असे तो हसून म्हणाला.

त्याच्या या बोलण्यात महाराष्ट्राचे एक मोठे चित्र दडलेले आहे. बीड असो, सोलापूर असो वा सातारा, पहाटे साडेचार वाजता कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहा. अंधारात धावणाऱ्या मुलामुलींचे जथे दिसतील. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ही मुले कोणत्याही ट्रायथलॉनवाल्याइतक्याच निष्ठेने, फाटक्या बुटांनिशी किंवा अनवाणी, चार-चार वर्षे सराव करतात. इच्छाशक्ती? ती त्यांच्यापाशी पोत्याने आहे. शिस्त? ती त्यांच्याकडून शिकावी. पण त्यांचे धावणे भाकरीसाठी आहे. भरतीच्या जागा थोड्या आणि उमेदवार अगणित असल्याने त्यांतील बहुतेकांचे धावणे एका विशिष्ट वाढदिवसाला थांबते. त्यानंतर त्यांना कोणी पळताना पाहिले आहे काय? तेव्हा शहरातला अधिकारी पंचेचाळिसाव्या वर्षी धावू लागतो आणि खेड्यातला तरुण तिशीतच धावणे सोडतो, यातला फरक मनगटातल्या जोराचा नाही. वेळेच्या आणि अन्नाच्या वाटपाचा आहे.

अधिकाऱ्याच्या त्या उरलेल्या तासांकडेही नीट पाहिले पाहिजे. ते आपोआप उरत नाहीत. कोणीतरी ते उरवून देत असते. पहाटे चारला गजर होतो तेव्हा जागे कोण होते? सराव करणाऱ्याला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक खावे लागते. ते शिजवते कोण? रोज घामाने निथळलेल्या कपड्यांचे दोन-तीन जोड धुते कोण? रविवारी पाच तास सायकल चालवून आलेला माणूस दुपारी झोपतो तेव्हा मुलांना गप्प कोण ठेवते, सासऱ्यांना औषध कोण देते? सत्कारमूर्तींनी भाषणाच्या शेवटी पत्नीच्या “खंबीर पाठिंब्या”चा उल्लेख केला आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या बाईंनी ओशाळून मान खाली घातली. पाठिंबा हा शब्द येथे फार सोयीचा आहे. कारखान्यात यालाच आपण काम म्हणतो आणि त्याची मजुरी मागतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की घरातल्या विनामोबदला कामावर ते काम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ९७. म्हणजे रोज तीन तासांहून अधिक फरक. आठवड्याला साडेतेवीस तास. एका ट्रायथलॉनची तयारी पुरी होऊन वर आठ तास उरावेत एवढी ही तफावत आहे. चोवीस तास सर्वांना सारखेच असतात असे म्हणणाऱ्यांनी हे साडेतेवीस तास कोणत्या खात्यात जमा आहेत ते सांगावे. आणि त्या बाईंच्या हाताखाली जी मोलकरीण चार घरची भांडी घासते तिच्या तासांचा तर कोणत्याच पाहुण्याने कधी उल्लेख केलेला नाही.

खेळ आणि वर्ग यांचे हे नाते नवे नाही. इंग्लंडातील हेन्ले येथील प्रसिद्ध नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ मध्ये हौशी खेळाडूची व्याख्या केली. मजुरीवर राबणारा कारागीर किंवा कामगार हा हौशी असूच शकत नाही, असे त्या नियमात नमूद होते आणि तो नियम १९३७ पर्यंत टिकला. युक्तिवाद असा की अंगमेहनतीने कमावलेले शरीर हा अन्याय्य लाभ होय! म्हणजे त्या काळचे सरदार-दरकदार निदान प्रामाणिक होते. कामगाराला दाराबाहेर ठेवायचे तर तसे लिहून ठेवीत. आज दार सताड उघडे आहे, कोणालाही मज्जाव नाही. फक्त लाखांच्या घरातली सायकल, प्रवेशशुल्क, तरणतलाव, प्रशिक्षक, आणि या सर्वांहून महाग असे आठवड्याचे पंधरा तास घेऊन यावे, एवढीच अट आहे.

या खेळाचा जन्म मात्र साधेपणात झाला होता. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईतील ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दांपत्याच्या कल्पनेतून पहिली शर्यत झाली. पोहणारे चिवट की धावणारे की सायकलवाले, या गप्पांतल्या वादाचा निकाल लावण्यासाठी बेटावरच्या तीन शर्यती एकापुढे एक जोडल्या. पंधरा जण उतरले, बारांनी ती पुरी केली. पुढे त्या हौसेचे नाव ‘आयर्नमॅन’ हा नोंदलेला माल झाला. २०१५ मध्ये तो चीनमधील एका धनाढ्य समूहाने ६५ कोटी डॉलरना घेतला आणि २०२० मध्ये तो एका अमेरिकी प्रकाशन-कंपनीच्या हाती गेला. माणसाच्या दमाचीही अशी खरेदी-विक्री होते. आणि जो माल विकायचा त्याचे तत्त्वज्ञानही विकावे लागते. अशक्य काहीच नाही, तुम्हीच तुमचे शत्रू, तुम्हीच तुमचे त्राते, हे ते तत्त्वज्ञान. त्यात समाज कोठेच नाही.

लोहपुरुषांचाच विषय निघाला आहे तर आपल्या घरच्या एका लोखंडी माणसाची आठवण दिली पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवून ५,५०० सह्यांचा अर्ज सादर केला. रविवारची सुटी ही त्यातली प्रमुख मागणी होती. सहा वर्षे झगडल्यावर १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. आज मरीन ड्राइव्हवर रविवारी पहाटे ज्या झुळझुळीत सायकली धावतात, त्यांच्या चाकांखाली लोखंड्यांनी आणि त्या निनावी गिरणी कामगारांनी घातलेला रस्ता आहे. रविवार पंचांगातून आलेला नाही. तो लढून मिळवलेला आहे. आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडाही तसाच. वैयक्तिक नियोजनाने आजवर जगात कोणत्याही कामगाराला एक तासही मिळालेला नाही. जो मिळाला तो संघटनेने मिळवला.

आणि जे संघटनेने मिळवले ते आज डोळ्यांदेखत काढून घेतले जात आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी नव्वद तासांची भाषा केली, रविवारीही तुम्हाला राबवता येत नाही याची खंत व्यक्त केली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असा प्रश्न विचारला. ही केवळ श्रीमंतांची बडबड समजून हसण्यावारी नेणाऱ्यांना लवकरच उत्तर मिळाले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि दुकानांतील नऊवरून दहावर नेणाऱ्या दुरुस्त्यांना मंजुरी दिली. कारखान्यांतील जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेली. आठवड्याची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे समाधान सरकारतर्फे दिले जाते. ज्याच्या डोक्यावर कंत्राटाची तलवार टांगलेली आहे त्याची संमती म्हणजे काय चीज असते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. एकीकडे व्यायाम करा, तंदुरुस्त राहा, असा उपदेश करायचा आणि दुसरीकडे बारा तासांच्या दिवसावर शिक्कामोर्तब करायचे, हा या राज्यव्यवस्थेचा समतोल!

आता आपल्या मंडळींकडे वळतो. हे सारे ऐकून काही साथी म्हणतील की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. ज्या देशात ऊसतोडणी कामगार दिवसभर कोयता चालवतो तेथे सायकली दामटणाऱ्यांची चर्चा कशाला? या भूमिकेला माझा सक्त विरोध आहे. अंगमेहनत आणि खेळ एक नव्हेत. खाद्यपदार्थांची पेटी पाठीवर घेऊन दिवसभर सायकल मारणारा मुलगा अंतर तोडतो. पण तो सराव नसतो, झीज असते. कारण सरावात श्रम कधी थांबवायचे हे श्रम करणारा ठरवतो, आणि मजुरीत ते दुसरा ठरवतो. स्वतःचे शरीर स्वतःच्या आनंदासाठी पणाला लावता येणे ही मोठी मानवी गोष्ट आहे. ती मूठभरांपाशी आहे म्हणून ती तुच्छ ठरत नाही. ती सर्वांपाशी नाही म्हणून लढा द्यायचा असतो. गिरणगावातल्या कामगारांनी पाळ्या सांभाळून व्यायामशाळा चालवल्या, कबड्डीचे संघ उभे केले, ते रिकामटेकडे होते म्हणून नव्हे. राबण्यासाठीच आपण जन्मलो नाही, असे त्यांना आपल्या शरीराच्या भाषेत सांगायचे होते. मोलकरणीच्या मुलीला चार किलोमीटर समुद्र पोहून जाण्याची इच्छा व्हावी आणि ती पुरी करता यावी, यात जर समाजवाद नसेल तर तो आणखी कशात आहे?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, म्हणून ती टाळता येणार नाही. सत्कारमूर्तींच्या पत्नीविषयी मी वर जे लिहिले ते लिहिताना हात अडखळला. मी स्वतः तीस वर्षे चळवळीत आहे. सभा, मोर्चे, शिबिरे, दौरे यांसाठी मला कधी वेळ कमी पडला नाही. रात्री एक वाजता चार साथींना घेऊन घरी आलो आणि पिठले-भात तयार मिळाला. मुले कोणत्या इयत्तेत आहेत ते मला पुष्कळदा निकालाच्या दिवशी कळले. बायकोने नोकरी केली, संसार चालवला, माझ्या आईचे अंथरूण सावरले. आणि मी व्यासपीठावरून तिच्या “पाठिंब्या”चे आभार मानले. शब्दही तोच! चळवळीचे ध्येय पदकाहून मोठे आहे हे खरे. पण ध्येय मोठे असल्याने उचललेला वेळ परत केल्यासारखे होत नाही. आपल्या किती पूर्णवेळ कार्यकर्त्यांनी हा हिशेब कधी मांडला आहे? समतेची भाषा बोलणाऱ्या घरात २९९ आणि ९७ हे आकडे वेगळे असतील, अशी खात्री आपल्यापैकी कोण देऊ शकेल?

मग करायचे काय? उपदेशाला उपदेशाने उत्तर देण्यात अर्थ नाही. बारा तासांच्या दिवसाविरुद्धचा लढा हा केवळ कामगार संघटनांचा विषय न मानता तो क्रीडामंडळे, धावणाऱ्यांचे गट, पालकसंघ यांच्यापर्यंत नेला पाहिजे. ज्यांना सरावासाठी रविवार हवा आहे त्यांना रविवार कोणी दिला हे समजावून सांगितले पाहिजे, ते आपले शत्रू नव्हेत. रखवालदार आणि घरकामगार यांना पगारी साप्ताहिक सुटी मिळालीच पाहिजे. नगरपालिकांचे तरणतलाव नाममात्र शुल्कात, पाळीवाल्यांना आणि स्त्रियांना सोयीच्या वेळी खुले हवेत. ते ठेकेदारांना देण्याच्या प्रत्येक ठरावाला सभागृहात आणि रस्त्यावर विरोध झाला पाहिजे. गावाबाहेर अंधारात धावणाऱ्या भरतीच्या मुलांना दिवे असलेले मैदान हवे, आणि भरती न झालेल्यांनाही त्यावर धावण्याचा हक्क हवा. राहिले आपले घर. तेथे मोर्चा नेण्याची गरज नाही. उद्या सकाळी कणीक मळण्यापासून प्रारंभ करता येईल, आणि तो मी करणार आहे. साठी उलटल्यावर का होईना.

त्या सत्कारमूर्तींना पूर्ण अंतराच्या शर्यतीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा. ते ती पुरी करतील, यात मला शंका नाही. पुढच्या सत्काराच्या वेळी मात्र त्यांनी भाषणापूर्वी एकदा दाराकडे पाहावे. तेथे जो माणूस उभा आहे तोही एके काळी सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आत धावत होता. त्याचे चोवीस तास कोठे गेले, हा प्रश्न त्याच्या आळसाचा नाही. तो आपल्या सर्वांच्या राजकारणाचा प्रश्न आहे.